जमिनीवर बसायची भीती

भीती पहिल्यांदा वाटली ती जागा मला नेमकी सांगता येते. रायपूरमधल्या तेलीबांध्याचा चौक, सकाळचे साडेदहा, हातात भाजीची पिशवी. आम्ही राहतो त्या बाजूनं तळ्याकडे जायचं तर हा रस्ता ओलांडावा लागतो. मी इथे राहायला आले तेव्हा तो इतका रुंद नव्हता. नव्या राजधानीकडे जाणारा रस्ता म्हणून त्याला दोन्हीकडून वाढवत नेलं. माणसांना ओलांडायला सिग्नलवर आकडे लागतात, ते उलटे मोजत खाली येतात. आकडे सुरू झाले की मी निघत असे आणि पलीकडे पोचून वळून पाहिलं, तरी दहा-बारा शिल्लक असत.

त्या दिवशी मी अर्ध्यावर असताना वर सहा दिसलं.

आधी वाटलं, आपण उशिरा निघालो असू. पण मी पहिल्याच आकड्याला पाऊल टाकलं होतं, ते मला पक्कं आठवत होतं. बाजूला स्कूटरवाले पुढचं चाक पुढे रेटून राहिले होते. एक मुलगी हेल्मेटच्या आतून म्हणाली, "आंटी, जल्दी." मी धावायचं ठरवलं. आणि पाय धावलेच नाहीत. दुखलं नाही, अडखळले नाही, काही नाही. मी सांगितलं आणि त्यांनी ऐकलं नाही, एवढंच. पहिली गाडी माझ्या पदराला घासून गेली. मी कशीबशी मधल्या दुभाजकापर्यंत पोचले आणि तिथला लोखंडी कठडा धरून उभी राहिले. दोन सिग्नल आले आणि गेले. मी हललेच नाही. तिसऱ्याला परत फिरून घरी आले.

"आज लवकर आली?" ह्यांनी विचारलं. हे रेल्वेतून निवृत्त झाले, त्याला आता दहा-बारा वर्षं झाली. कानांनी कमी ऐकू येतं, मशीन लावतात.

"भाजी चांगली नव्हती," मी म्हणाले. पिशवीतली मेथी त्यांना दिसत होती.

माझी साठी उलटून तेव्हा सात वर्षं झाली होती. मी सरकारी नोकरीतली बाई. लग्न होऊन नागपूरहून रायपूरला आले आणि इथल्याच एका खात्यात कारकून म्हणून लागले. छत्तीसगढ राज्य वेगळं झालं तेव्हा भोपाळहून आमच्या खात्याच्या फायली ट्रकमधून आल्या. जुनी इमारत, लिफ्ट नाही, तिसऱ्या मजल्यावर आमची खोली. शिपाई दोन आणि गठ्ठे शेकडो. मी पदर खोचला आणि गठ्ठे वर न्यायला लागले. साहेब म्हणाले, "मॅडम, रहने दीजिए." मी म्हणाले, "साहेब, गोंदिया जिल्ह्यातल्या आमच्या गावात मी लहानपणी दोन-दोन घागरी आणल्या आहेत, हे तर कागद आहेत." आठवडाभर मी ते गठ्ठे वाहिले. त्या पायांचा मला गर्व होता, हे आज कबूल करायला हरकत नाही.

म्हणूनच चौकातली गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. आणखीही एक कारण होतं. माझी मोठी बहीण.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. नागपूरला मुलाकडे असायची. बाथरूममध्ये पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, चांगलं झालं असं डॉक्टर म्हणाले. मी भेटायला गेले तेव्हा ती पलंगावर होती. मुलगा-सून दोघं चांगले, तिला पाऊल खाली टाकू देत नसत. पाणी हातात, जेवण हातात, बाकी सगळंही पलंगावर. मी निघताना तिनं माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "मले एकदा खिडकीपर्यंत चालव ना." सून दारातूनच म्हणाली, "नको हं मावशी, पुन्हा पडल्या तर?" मी ताईला चालवलं नाही. मलाही भीती वाटली. आठ महिन्यांनी ती गेली, त्याच पलंगावर.

चौकातून आल्यावर मला सारखी ती खिडकी दिसायला लागली. पलंगापासून पाच पावलांवर होती.

मग मी स्वतःवर पाळत ठेवायला लागले. लोणच्याच्या बरणीचं झाकण मी आता फडक्यानं धरूनही फिरवू शकत नव्हते, हे कधीपासून? चादर पिळताना पाणी आधीसारखं निघत नव्हतं. परकर घालताना एका पायावर उभं राहायचं तर मी कपाटाला टेकत होते, आणि कपाटाच्या त्या जागेचा रंग माझ्या खांद्यानं उतरला होता. म्हणजे वर्षभर तरी मी टेकत असणार आणि मला पत्ताच नव्हता. सोफ्यावरून उठताना दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवायची. हे सगळं माझंच शरीर माझ्यापासून लपवून करून राहिलं होतं.

लोकांना मी गुडघ्यांचं कारण द्यायला लागले. गुडघे दुखतात म्हटलं की कुणी पुढे विचारत नाही. खरं तर माझे गुडघे कधीच दुखले नाहीत. दुखलं असतं तर बरं होतं, बोट ठेवून दाखवता आलं असतं. इथे काही दुखतच नव्हतं. नुसतं कमी होत चाललं होतं.

तळ्यावर फिरायला जाणं मी बंद केलं. जिने टाळले. आंघोळीला स्टूल घेतलं. मुलगी पुण्याहून फोन करायची, तिला सांगायची, "रोज फिरून येते." भीती वाटते म्हणून हलायचं नाही, हा माझा नेम झाला. आणि आठवड्यागणिक भीती वाढतच होती.

मग ती दुपार आली.

दिवाळीला पंधरा दिवस होते. स्वयंपाकघरातल्या ओट्याखालच्या कप्प्यात नवा कागद घालायचा होता. वाकून जमेना म्हणून मी जमिनीवर बसले. बसले म्हणजे शेवटचं वीतभर धपकन खाली आले. कागद घातला, डबे पुसून ठेवले. दोन वाजले असतील. आणि मग उठायला गेले.

नेहमीसारखा एक हात जमिनीला टेकवला, दुसऱ्यानं ओट्याची कड धरली आणि जोर लावला. बूड चार बोटं उचललं गेलं आणि परत खाली. ओट्याचा काळा दगड गुळगुळीत, बोटं त्यावरून सरकली. पुन्हा केलं. पुन्हा तेच. प्लॅस्टिकचं स्टूल पायानं ओढून घेतलं, त्याच्यावर भार टाकला तर ते फरशीवरून घसरून फ्रिजवर आदळलं आणि मी कुशीवर पडले. लागलं नाही.

मी हाक मारली. "अहो."

हे आतल्या खोलीत झोपले होते. झोपताना कानातलं मशीन काढून डबीत ठेवतात. एसी लावलेला, दार बंद. माझा मोबाइल त्याच खोलीत चार्जिंगला होता.

"अहो. ऐकलं का. अहो."

मी थाळी घेतली आणि चमच्यानं वाजवली. वाजवता वाजवता माझ्या लक्षात आलं, की माझ्या ओरडण्यातून ताईचा आवाज येतो आहे. अगदी तसाच, शेवटी शेवटी चिरका झालेला. मी थाळी खाली ठेवली. मग बराच वेळ मी काहीच केलं नाही. फ्रिज घरघरत होता, बंद पडत होता, पुन्हा सुरू होत होता. डोक्यात एकच चाललं होतं: हे उठतील, मला असं पाहतील, मुलीला फोन करतील, मुलगी विमानानं येईल, आणि मग मला कुणी जमिनीवर पाय ठेवू देणार नाही.

त्यात मला लघवीला लागली. मी दाबून धरली, जमेल तितकी. मग नाही जमलं. स्वतःच्या स्वयंपाकघरात, पुसलेल्या डब्यांसमोर, लहान पोरीसारखी साडी ओली झाली. मी रडले ते तेव्हा. तोवर रडले नव्हते.

ओल्या साडीनिशी मी बसल्या बसल्या घसरत निघाले, आतल्या खोलीच्या दाराकडे. हात मागे टेकायचे, बूड ओढायचं. बैठकीच्या मध्यावर आले आणि दाराची घंटा वाजली. आमच्याकडे काम करणारी बाई. साधारण माझ्याच वयाची, इथलीच छत्तीसगढी, आठ वर्षांपासून येते. रोज साडेतीनला येते, म्हणजे मी दीड तास खाली होते.

आनंद व्हायला हवा होता. पण दाराला आतून कडी होती, उभ्या माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर. घंटा पुन्हा वाजली. आता ती जाईल, घरी कुणी नाही समजून जाईल, असं वाटलं. मी दाराकडे घसरत गेले आणि तळहातानं दारावर थापा मारल्या.

"दीदी, भीतरी म हव का?" तिचा आवाज आला.

"आहे, आहे. जाऊ नको." मग हिंदीत म्हणाले, "बैठी हूँ. उठ नहीं पा रही."

"गिर गेव का?"

"गिरी नहीं. बस उठ नहीं पा रही."

बाहेर क्षणभर शांत. मला वाटलं ती लोकांना बोलवायला गेली. शेजारी, वॉचमन, सगळा जिना गोळा होणार, दार तोडणार, आणि मी अशी. पण ती गेली नव्हती. दाराच्या फटीतून तिच्या बांगड्या वाजल्या. ती बाहेर जमिनीवर बसली होती, माझ्याएवढ्याच उंचीवर. तिचा आवाज आता माझ्या कानाजवळून आला.

"रो झन, दीदी. हड़बड़ी झन कर. रडू नको, घाई करू नको. जवळ काय आहे?" ती अर्धं तिच्या भाषेत, अर्धं हिंदीत विचारत होती. मी ते मनात मराठीतच ऐकत होते.

दाराशी चपला घालायला लाकडी खुर्ची असते. जड, जुनी, ह्यांच्या रेल्वेतल्या क्वार्टरमधून आणलेली. मी तसं सांगितलं.

"ती भिंतीला टेकव. टेकली? आता वर नको ओढूस स्वतःला. पालथी हो. लइका असन मड़िया." लहान मुलासारखी रांग, असं ती म्हणत होती.

वर ओढायचं नाही, पालथं व्हायचं, हे मला सुचलंच नव्हतं. मी कुशीवर झाले, मग हातांवर, मग गुडघ्यांवर. चाळीस वर्षांत मी तशी झाले नव्हते. गुडघ्यांखाली फरशी गार लागली.

"झाले."

"आता खुर्चीवर दोन्ही हात. हव. आता एक गोड़ आघू. एक पाऊल पुढे घे, पूर्ण तळवा टेकव. कोणता पाय चांगला आहे?"

"माहीत नाही."

"मग उजवा घे. आता हातानं खुर्ची खाली दाब आणि डोकं पुढे कर. पुढे, वर नाही. थांबू नको."

मी डोकं पुढे नेलं. मांडी थरथरायला लागली, इतकी की खुर्ची भिंतीवर खटखटली. वाटलं, आता तोंडावर आपटणार. आणि मग मी उभी होते. वाकलेली, खुर्ची धरलेली, पण उभी. मी कडी काढली.

ती आत आली, मला पाहिलं, साडी पाहिली. मला न्हाणीघरात नेलं. बाहेर आले तेव्हा फरशी पुसलेली होती आणि साडी बादलीत भिजत होती.

"यांना सांगू नको," मी म्हणाले.

"नइ बतावंव." मग पुसायचं फडकं हातात घेऊन ती म्हणाली, "मोर घलो अइसनेच हे, दीदी. माझंही असंच. रोज फरशी पुसून झाली की मी अशीच उठते. तू पाहिलं नाही कधी."

खरंच नव्हतं पाहिलं. आठ वर्षं ती माझ्या घरात जमिनीवर बसत होती, आणि ती उठते कशी हे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

बाईनं सांगितलं नाही. मीच सांगितलं, चार दिवसांनी, कारण त्या चार दिवसांत मी खुर्ची आणि पलंग सोडून कुठे बसले नाही आणि आंघोळीचं दार उघडं ठेवायला लागले. हे समोर बसून वर्तमानपत्र वाचत होते. मी सगळं सांगितलं, साडीसुद्धा.

ह्यांनी पेपर घडी करून ठेवला. मग म्हणाले, "तू हाका मारून राहिली होती?"

"हो."

"किती वेळ?"

"थोडा वेळ."

"मले ऐकू नाही आलं," ते म्हणाले. "आधी काहून नाही सांगितलं तू? चौकातलं तरी सांगायचं."

"तुम्ही मला बसवून ठेवलं असतं. ताईसारखं."

ते नाही म्हणाले नाहीत. म्हणाले, "हव. ठेवलं असतं." मग म्हणाले, "आता नाही ठेवत."

त्या दिवसापासून ते दुपारी मशीन लावून झोपतात. टोचतं म्हणून कुरकुरतात, पण काढत नाहीत.

डॉक्टरांनी हाडांची तपासणी केली, गोळ्या दिल्या आणि व्यायाम शिकवणाऱ्या मुलीकडे पाठवलं. बूढ़ापारा वस्तीत एका जुन्या घराच्या खालच्या मजल्यावर तिचा दवाखाना. मुलगी मराठीच, आजोबा अमरावतीचे. मी मराठीत बोलायची, ती सगळं समजून हिंदीत उत्तर द्यायची. तिनं मला हात छातीवर बांधून खुर्चीवरून उठ-बस करायला सांगितली आणि घड्याळ लावलं. अर्ध्या मिनिटात माझ्या चार झाल्या. चौथी अर्धवट.

"आंटी, घुटने तो ठीक हैं आपके," ती म्हणाली. "जांघों में ताक़त नहीं बची."

"का नाही उरली?"

"उम्र से भी जाती है. और बैठे रहने से बहुत जल्दी जाती है." मग तिनं विचारलं, निवृत्त झाल्यापासून मी दिवसभर काय करते. मी सांगायला लागले. लिफ्ट होती. भाजी घरपोच यायला लागली होती. बादली बाई उचलत होती. आणि पडू नये म्हणून मी सहा महिने हललेच नव्हते.

"परत येईल का?" मी विचारलं.

"पूरी नहीं आएगी," ती म्हणाली. "काम चलाने जितनी आ जाएगी." तिनं खोटं सांगितलं नाही, याचं मला बरं वाटलं, आणि भीतीही वाटली.

दुसऱ्या आठवड्यात तिनं गादी अंथरली आणि म्हणाली, आता खाली बसा. मी नाही म्हणाले. ती म्हणाली, मी इथेच आहे. मी पर्स उचलली आणि घरी आले. तिसऱ्या खेपेला हे सोबत आले आणि स्वतः त्या गादीवर जाऊन बसले. मग त्यांनाही उठता येईना. तिनं आणि मी मिळून त्यांना उठवलं. त्या दिवशी मी बसले.

पुढे रोज. सकाळी दहा वेळा खुर्चीवरून उठायचं, मग पंधरा. ओटा धरून टाचा वर. दिवसातून एकदा जमिनीवर बसायचं आणि पालथं होऊन उठायचं. हे खुर्ची धरून ठेवत, जणू ती पळून जाणार आहे. पहिला महिनाभर बसण्याआधी दर वेळी मी खुर्ची हलवून पाहायची. दोन महिन्यांनी अर्ध्या मिनिटात नऊ व्हायला लागल्या. खुर्चीशिवाय उठणं मात्र मला आजपर्यंत जमलेलं नाही. चौकात मी एका सिग्नलला दुभाजकापर्यंत जाते, तिथे थांबते, पुढच्या सिग्नलला उरलेला रस्ता. स्कूटरवाले भोंगे वाजवतात.

संक्रांतीला तात्यापारा या मराठी वस्तीत एका ओळखीच्या घरी हळदीकुंकू होतं. बोलावणं आलं तेव्हा मी दोन दिवस विचार केला. गेले. खोलीभर सतरंजी अंथरलेली, बायका दाटीवाटीनं बसलेल्या. मी आधी खुर्ची कुठे आहे ते पाहिलं, मग तिच्याजवळ बसले. शेजारी एक बाई होत्या, ऐंशीच्या आसपासच्या, ठेंगण्या, जुन्या नऊवारीतल्या. वाण झालं, तिळगूळ झाला, उखाण्यांचा आग्रह झाला. मग बायका एकमेकींचा हात धरून उठायला लागल्या. खोली रिकामी होत गेली आणि त्या बाई तशाच बसून राहिल्या, हसत, जणू त्यांना घाई नाही.

मी खुर्ची ओढली तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं. पकड लहान मुलाची असते तशी, हलकी आणि घट्ट.

"तुम्ही जाऊन राहिल्या का?" त्या हळूच म्हणाल्या. "थांबा ना थोडं. सगळ्या जाऊ द्या. मग नातू येईल, उचलेल मले. कोणासमोर नको."

"गुडघे दुखतात का?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तसं सांगते सगळ्यांना," त्या म्हणाल्या.

मी खुर्ची भिंतीला टेकवली आणि त्यांच्या शेजारी हातांवर, गुडघ्यांवर झाले, म्हणजे त्यांना दिसावं कसं करायचं ते. घरची सून ट्रे घेऊन दारात आली आणि आम्हां दोघींना तसं पाहून थबकली. मी तिला म्हणाले, "दार लोटून घे गं जरा." तिनं लोटलं. त्या पालथ्या व्हायला फार घाबरल्या. "आपटले तर?" असं तीनदा म्हणाल्या. मलाही तेच वाटत होतं. त्या पडल्या तर त्यांचं हाड मोडेल आणि ते माझ्यामुळे मोडेल. तरी मी हात त्यांच्या कमरेशी ठेवला आणि कामाच्या बाईनं मला सांगितलं होतं तसंच एकेक सांगत गेले. डोकं पुढे, वर नाही. थांबू नका.

त्या उभ्या राहिल्या. खुर्ची धरून उभ्या राहून नुसत्या श्वास घेत होत्या. मग म्हणाल्या, "तुमचं घर कुठे आहे?" मी सांगितलं. "मी येईन," त्या म्हणाल्या, "पण तुम्हीच आल्या तर बरं."

घरी येताना ऑटोत माझे पाय इतके लटपटत होते, की उतरताना मी ऑटोवाल्याला म्हणाले, "भैया, एक मिनट रुको," आणि दांडा धरून बसून राहिले. हे वर गॅलरीत उभे होते. त्यांनी मला पाहिलं आणि लिफ्टकडे निघाले. दर मंगळवारी मी आता तात्यापाऱ्यात त्या बाईंकडे जाते, उठ-बस करायला.